मामींच्या पेटीतली तीन लुगडी

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे जाणारा रस्ता कणकुंबीपाशी पोचला की हवा पालटते. मलप्रभेचा उगम इथलाच. खानापूर तालुक्यातल्या या घाटमाथ्यावर माझे आजोळ आहे. मृग लागला की पुढचे तीन-चार महिने भिंतींना ओल, चुलीपाशी वाळत घातलेले कपडे आणि अंगावर वाकळ. इंदूर-बडोद्याकडची आपली मंडळी तिला गोधडी म्हणतील. मला मात्र 'वाकळ' या शब्दालाच धुराचा वास येतो.

वाकळ शिवण्याचे दिवस ठरलेले. भाताची मळणी आटोपली, काजूच्या बिया वेचून झाल्या, की चैत्र-वैशाखातल्या दुपारी सारवलेल्या अंगणात एक जुने लुगडे पसरावयाचे. त्यावर जुनेराचे थर, वर पुन्हा लुगडे, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड. चार बाजूंना चार बायका बसत आणि काठाकडून मध्याकडे धावदोरा घालीत सरकत. मधोमध गाठ पडेपर्यंत पंधरवडा सहज जाई. कारण कोणाला गुरे बांधावयाची असत, कोणाला मूल पाजावयाचे असे. त्याच घरात मामांच्या पखवाजाला एकादशीची अख्खी रात्र राखून ठेवलेली होती. त्या रात्री त्यांना कोणी कामाला उठवीत नसे. बायकांचे कसब कामाच्या फटीतून उगवे, आणि त्याला कोणी कला म्हणत नसे. मामी आजही म्हणत नाहीत.

पण टाक्यावरून बाई ओळखता येते, हे त्यांनीच मला शिकविले. आजीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. मामींचा जरा लांब, परंतु सरळ. माझ्या आईची कडा नागमोडी. "माहेरपणाला आली होती ना, सासरच्या गोष्टी सांगत सांगत शिवली आहे," असे म्हणून मामी त्या कडेवरून बोट फिरवतात. आई जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तिचे हस्ताक्षर माझ्याकडे दोन-चार पत्रांपुरते उरले आहे. ती कडा मात्र चांगली हातभर आहे.

आमच्या शेजारच्या हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी स्त्रिया कवंद्या शिवतात. त्यांच्या कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुले असतात. त्या कवंद्यांचे प्रदर्शन २०११ साली न्यूयॉर्कच्या शोंबर्ग केंद्रात भरले होते. ही हकिगत मी मोठ्या उत्साहाने मामींना सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि विचारले, "मग तेवढे दिवस त्या बायकांनी पांघरले काय?"

आमच्याकडे हात अजून आहेत. कापड राहिलेले नाही. नऊवारी सुती लुगडे वर्षानुवर्षे ओढ्याच्या दगडावर आपटून धुतले जाई, आणि प्रत्येक धुण्याबरोबर मऊ होत जाई. नेसण्याजोगे उरत नसे तेव्हा ते वाकळीला लायक होई. आजची साडी झिजतच नाही. ती घाम टिपत नाही, तिच्या थरांवर थर ठरत नाहीत, आणि धावदोरा ओढला की चुण्या पडतात. दुकानातले ब्लँकेट हलके असते, लवकर वाळते, हेही खरे. दसऱ्याआधी भिजलेली वाकळ पिळायला दोन माणसे लागतात, आणि घरात आता माणसेच दोन असतात. तेव्हा सुनेला मी दोष देणार नाही.

मामांची धोतरे केव्हाच आतल्या थरांत संपली. पेटीत उरली होती ती आजीची तीन लुगडी, बेळगावच्या शहापुरात विणलेली. आणि नातवंडे पाच. तीन लुगड्यांत जुन्या पद्धतीची एक वाकळ होते. दुसरीला एकच अंग उरते. घर सांभाळणाऱ्या थोरल्या नातवाला ती द्यावी, असे सुनेचे म्हणणे. धारवाडला दिलेल्या नातीने "आजी, मला पूर्ण वाकळ हवी" असे फोनवर सांगून ठेवले होते. धाकटे तिघे काहीच बोलले नव्हते, आणि मामींना तेच अधिक लागले असावे.

या वैशाखात मी गेलो तेव्हा तीन दिवस पेटी पडवीत उघडी होती. चौथ्या दिवशी मामींनी पहिले लुगडे मांडीवर घेतले, काठाशी दातांनी चीर दिली आणि उभे फाडले. सुती कापड ताण्याच्या दिशेने सरळ फाटते. त्याचा आवाज गोठ्यापर्यंत गेला. सून स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि काही न बोलता शेजारी बसली.

पाच वाकळी ठरल्या. पोटात नव्या साड्या, टेरिकॉटचे सदरे, जे असेल ते. आजीच्या लुगड्याचा पट्टा मात्र प्रत्येकीच्या उशाकडच्या बाजूला, तोंडाशी येईल तिथे. "पायांना काय, नायलॉनही चालते," मामी म्हणाल्या.

चार पुऱ्या झाल्या. पाचवी अर्ध्यावर असताना पाऊस मृगाआधीच आला. अंगण गेले, म्हणून ती गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. सुई तशीच टोचलेली आहे. ती काढली तर पुन्हा दोरा ओवून द्यायला कोणाला तरी हाक मारावी लागेल, असे मामींचे म्हणणे.