५३ मीटरवरचं झाड

शुक्रवारी रात्री अकरा वाजता बिल्ड तुटलं. कुणीतरी (बरं, मीच) चालू कोडमधली एक ओळ उगाच बदलली होती. शनिवारी सकाळी चहा घेताना वाटलं, धडधाकट गोष्टीत मुद्दाम बिघाड करून बघायचा, हाच कुणाचा धंदा असेल का? असतो की!

जपानमध्ये ‘निजिसेइकी’ नावाची नाशपाती आहे. अर्थ ‘विसावं शतक’. १८८८ साली मात्सुदोमधल्या एका पोराला तिचं रोप चक्क कचऱ्याच्या ढिगात सापडलं. फळ रसाळ, कुरकुरीत. पुढे तोत्तोरीत तिच्या बागाच बागा झाल्या. भानगड एकच, काळ्या ठिपक्यांचा रोग. ही बुरशी लागली की फळ काळं पडतं, तडकतं, गळतं. म्हणून फळागणिक कागदी पिशवी आणि मोसमभर फवारण्या.

मग दुसऱ्या जातीशी संकर का नाही करायचा? कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. हापूसची कोय लावली म्हणजे हापूसच येईल असं नाही, म्हणून तर आपण कलमं बांधतो. संकरात रोग जाईल, पण चवही जाईल. बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची होती.

त्यासाठी इबाराकी प्रांतात एक अजब शेत होतं, ‘गॅमा फील्ड’. १०० मीटर त्रिज्येचं गोल रान, भोवती मातीचा उंच बांध आणि मधोमध कोबाल्ट-६०. माणसांना आत जायचं असेल तेव्हा तो जमिनीखाली उतरवून ठेवायचे. मधल्या झाडांना मारा जास्त, कडेच्यांना कमी. गॅमा किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो, पेशी तो सांधते आणि सांधताना कधी कधी चुकते. कुठे चुकेल ते आपल्या हातात नाही. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातकच. म्हणजे डोळे मिटून कीबोर्ड बडवायचा आणि प्रोग्राम सुधारतो का बघत बसायचं.

१९६२ साली तिथे केंद्रापासून ५३ मीटरवर निजिसेइकी लावली. आणि १९८१ साली तिच्या एका फांदीवर ठिपके नाहीत असं दिसलं. एकोणीस वर्षं! आमच्याकडे तिमाहीत काही दिसलं नाही की प्रोजेक्ट गुंडाळतात.

फांदीच का, सगळं झाड का नाही? कारण बदल एखाद्या डोळ्यातल्या पेशीत होतो आणि त्या डोळ्यातून फुटलेली फांदी तेवढी वेगळी निघते. ती कुणाच्या नजरेला पडली तर ठीक. मग तिचं कलम करायचं आणि वाण तयार. हिचं नाव ‘गोल्ड निजिसेइकी’. टेक्सासवासी मित्रहो, तुमच्याकडचा लालभडक ‘रिओ रेड’ ग्रेपफ्रूटही किरणांच्याच घराण्यातला, १९८४ सालचा. (गॅमा फील्डमधला मारा मात्र २०१९ मध्ये थांबला.)

रविवारी अण्णांना फोनवर हे सगळं ऐकवलं. पहिला प्रश्न अपेक्षितच.

"खाल्लं तर काय होणार नाही ना?"

नाही, किरणं निघून जातात, फळात काही उरत नाही, वगैरे समजावलं. आपला आंबा अमेरिकेला जाताना गॅमा किरणांखालून जातो, ते किडीसाठी, जात बदलायला नव्हे, हेही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते.

"आपल्या विहिरीकडच्या कलमाला होती तशी एक फांदी."

"कशी?"

"मोहोर दोन आठवडे आधी यायचा. बाकीचं झाड थंड, ही फुललेली."

कोकणात दोन आठवडे म्हणजे काय ते बागवाल्याला विचारा. वाशीला पहिल्या पेट्यांचा भाव वेगळा असतो.

"मग?"

"तुझ्या आजोबांनी छाटली. विहिरीत पाला पडायचा."

"किती वर्षं आधी फुलत होती?"

"कोण मोजतंय! चार असतील, पाच असतील."

बिनकिरणांचं, बिनकोबाल्टचं, आमच्या विहिरीजवळ! कदाचित त्या बाजूला ऊन जास्त लागत असेल, एवढंच असेल. आता कसं कळणार?

"खुंट आहे अजून फांदीचा," अण्णा म्हणाले. "त्याला धुमारे फुटतात दर पावसाळ्यात. मी काढून टाकतो."

"यंदा काढू नका," मी म्हटलं.

"आणि विहिरीत पाला?"

"मी येऊन काढीन."

ते हसले. मी शेवटचा गावी कधी गेलो होतो, ते त्यांना तारखेसकट पाठ आहे.