मुकी नळी

शिंप्याचा सदरा बरा की दुकानातला तयार, हा वाद आमच्या घरात दर दिवाळीच्या आधी एकदा तरी झडतो. यंदा मात्र तो सदऱ्यावरून न होता मोटारीच्या सायलेन्सरवरून झाला, आणि त्यात मला पंच म्हणून बसावे लागले. कारण सरळ होते. मोटार माझ्या पुतण्याची आणि मेस्त्री माझा जुना विद्यार्थी. मोटारीतले मला किती कळते म्हणाल, तर उतरलेली सायकलची चेन बसवता येते, एवढेच!

पुतण्या पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे. त्याने जुन्या बाजारातून २०१७ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतली. दिसायला बिऱ्हाडाची सोज्ज्वळ गाडी. पण पोटात दोन लिटरचे टर्बो इंजिन आणि २३० अश्वशक्ती. या टर्बोची कल्पना मला मात्र फार आवडली. इंजिनाने टाकून दिलेला तप्त धूर जाता जाता एक चक्र फिरवतो, मिनिटाला लाखाहूनही अधिक फेऱ्या. आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या युक्तीचे पेटंट घेतले. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा करणाऱ्या आमच्या मातोश्रींना ब्यूखीसाहेब नक्कीच पटले असते. आता मौज अशी की, त्या चक्राशी झगडताना धुराचा आवाजही बराचसा तिथेच मावळतो. म्हणून ज्यांनी ताकदीसाठी पैसे मोजले, त्यांना ती ताकद कानांनी ऐकू येत नाही. पुतण्याचे दुःख हेच होते.

त्याने परदेशाहून तयार संच मागवला. लाखाच्या वर रक्कम गेली. संच देखणा होता. गंज न धरणारे पोलाद, आरशासारखी झळाळी, आणि मूळच्या जागी नेमके बसणारे बोल्ट. तयार मालाची ही बाजू मी नाकारणार नाही. तो त्याच जातीच्या गाडीवर बेतलेला असतो, आणि एखादा भाग चेपला तर क्रमांक कळवून तस्साच दुसरा येतो. पण या संचात मधली एक डबी गाळलेली होती. परिणाम असा की, महामार्गावर गाडी एका ठराविक वेगाला आली की आत असा घुमारा उठे, जणू रांजणात तोंड घालून कोणी हुंकारते आहे! सूनबाई सात महिन्यांच्या लेकराला घेऊन पुण्याहून निघाली, ती साताऱ्याला उतरून एस. टी.ने कोल्हापूरला आली. "तुमच्या गाडीत मी पुन्हा बसायची नाही," एवढेच ती नवऱ्याला म्हणाली, आणि चार दिवस त्याच्याशी दुसरे काही बोलली नाही.

मग आम्ही मेस्त्रीकडे गेलो. त्याचे दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड. चौथीत हा माझ्या वर्गात होता. गणितात बेताचाच, पण बाकाचा खिळा कुठे सैल आहे हे त्याला न बघता कळे. पूर्वी पाईप वाकवायचा तर त्यात वाळू ठासायची आणि तापवून वाकवायचा, नाही तर वळणावर तो चेपतो आणि धुराची वाट अरुंद होते. आता पाईपच्या आत आधाराचा गोळा धरून वाकवणारे यंत्र त्याने कर्जाने आणले आहे. जोड देताना पाईपच्या आतूनही आरगॉन वायू सोडतो, म्हणजे झाळेच्या आतल्या अंगाला काळी खरखर धरत नाही. जिथे कोणाची दृष्टी जायची नाही तिथली ही सफाई!

त्याने गाडी चालवून पाहिली आणि म्हणाला, "गुरुजी, पाईपात खोट न्हाई. पर घुमतंय कुठं, ते ह्याला कुणी इचारलंच न्हाई."

घुमारा चोवीसशे फेऱ्यांच्या आसपास होता. मिनिटाला चोवीसशे म्हणजे सेकंदाला चाळीस. चार सिलिंडरच्या इंजिनात फेरीला दोन स्फोट. म्हणजे सेकंदाला ऐंशी ठोके. हे गणित त्याने खडूने भिंतीवर मांडले, आणि मला माझ्या वर्गातला तो बेताचा विद्यार्थी आठवून हसू आले. उपाय त्याहून नवलाचा. मुख्य पाईपला एक फाटा जोडायचा, ज्याचे दुसरे टोक बंद. आवाजाची लाट त्यात शिरते, टोकाला आपटून परत येते, आणि येते ती नेमकी उलट्या पावलांनी. मग दोघी एकमेकींना गिळतात. त्यासाठी नळीची लांबी लाटेच्या चौथ्या हिश्शाएवढी हवी. धूर तापला की ध्वनी जलद धावतो, म्हणून लांबीही वाढते. इथे ती सव्वा मीटरच्या जवळपास आली. त्याने नळी मुद्दाम लांब कापली, आणि तीनदा गाडी फिरवून बोटबोट कमी केली. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी अशीच ऐकत ऐकत घासतात.

पुतण्याला एवढ्यावर समाधान कुठले! त्याने हळूच, धूर शुद्ध करणारी कॅटॅलिटिक डबी काढण्याचे सुचवले. मेस्त्री एकदम गंभीर झाला. अशी गिऱ्हाइके त्याच्याकडे नित्य येतात, आणि नकार ऐकून पुढच्या गल्लीत जातात. यंत्राचा हप्ता मात्र दर महिन्याला येतोच. शिवाय कायद्याचा धाक आहे. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ सालीच सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आवाज व धुराच्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद ठेवली. तिथे तयार आणि घडवलेला असा भेद नाही. पोलीस सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवतात तेव्हा त्यात कोणाची झाळ सुबक होती, हे कोण पाहतो? त्याची उत्तम कामे कोइम्बतूरच्या शर्यतीच्या धावपट्टीवर धावणाऱ्या गाड्यांखाली आहेत. तिथे आवाजाला हक्काची जागा आहे. रस्त्यावरच्या गाडीला तो मागची मूळ डबी परत लावायला सांगतो.

"शेजारच्या घरात म्हातारं माणूस निजल्यालं असतं, दादा," तो पुतण्याला म्हणाला. त्याचे स्वतःचे वडील आयुष्यभर फौंड्रीत राबले, आणि आता शेडच्या दाराशी बसतात ते कानामागे हात धरून.

मूळ डबी परत बसली. संध्याकाळी सूनबाई लेकराला घेऊन मागे बसली, आणि आम्ही पंचगंगेच्या पुलापर्यंत जाऊन आलो. लेकरू झोपले ते उठलेच नाही. पुतण्याचा चेहरा अजून किंचित खट्टू होता. आवाज फार कमी झाला, असे त्याचे म्हणणे.

मेस्त्रीने वहीच्या कागदावर बिल लिहून दिले. अक्षर चौथीतलेच राहिले आहे. त्यात एक कलम होते : 'नळी, एका बाजूने बंद, १ नग.' पुतण्याने विचारले, "हिच्यातून काहीच जात नाही, मग तेवढे कमी करा की!"

मेस्त्रीने एक पैसा कमी केला नाही.