शब्दाची जागा

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एका इंग्रजी शब्दानें मोठा घोटाळा केला. शब्द अगदीं साधा, 'ओन्ली'. परंतु त्याच्या जागेपायीं आमच्या वृद्ध आत्याबाईंची राहती जागा जाण्याची वेळ आली होती, म्हणून ती हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

आमचे तीर्थरूप आयुष्यभर सरकारी कचेरींत इंग्रजीं लिहीत आले. घरगुती टिपणेंही ते त्याच भाषेंत करीत. त्यांच्या मागें जी वही सांपडली, तींत गांवच्या घराविषयीं एवढेंच वाक्य होतें : 'आय हॅव ओन्ली प्रॉमिस्ड दि अपर रूम्स टु माय सिस्टर.' आत्याबाई चाळीस वर्षें त्याच माडीवरच्या खोल्यांत राहत आहेत. धाकटे बंधु म्हणाले, "दादांनीं नुसतें वचन दिलें आहे, खोल्या दिलेल्या नाहींत. घर विकावयास हरकत नाहीं." व्याकरणदृष्ट्या त्यांचें म्हणणें खोडतां येईना, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही पैशांची निकड असल्यामुळें तें खोडण्याचा आम्हीं फारसा यत्नही केला नाहीं.

त्याच दिवसांत आम्ही घरांतील मुलांस इंग्रजी शिकवीत होतों. विषय होता, वाक्यांतील विशेषक शब्द भलत्याच ठिकाणीं पडले म्हणजे अर्थाची कशी दैना होते हा. आमच्या पुतण्यानें लिहून आणलें : 'ही गेव्ह अ सारी टु हिज मदर विथ अ गोल्ड बॉर्डर.' जरीचा कांठ आईला लागलेला पाहून मुलें पोट धरधरून हंसलीं. उपाय सोपा : 'विथ अ गोल्ड बॉर्डर' हे शब्द उचलून 'सारी'च्या शेजारीं ठेवावे, म्हणजे कांठ साडीला व आई मोकळी. मराठींत आपण 'जरीकांठी साडी' म्हणतों; तेथें विशेषण नामाच्या अगोदर येऊन उभें राहतें, त्यामुळें अशी फारकत सहसा होत नाहीं.

दुसऱ्या एका मुलानें लिहिलें : 'वॉकिंग डाउन दि घाट, दि टेंपल लुक्ड ब्यूटिफुल.' इंग्रजी रीतीनें पाहतां येथें देऊळच घाट उतरूं लागलें. ही चूक आपल्या मुलांच्या हातून वारंवार कां होते, याचें कारण आपल्या भाषेंत आहे. 'घाट उतरतांना देऊळ सुंदर दिसत होतें' हें मराठी वाक्य निर्दोष आहे. 'उतरतांना' या रूपाचा कर्ता मुख्य वाक्याच्या कर्त्याहून निराळा असला तरी आपणांस चालतो. इंग्रजींत तसल्या पदाचा कर्ता मुख्य वाक्याचा कर्ताच समजला जातो. म्हणून उतरणाऱ्यांस वाक्यांत आणून बसवावें लागतें : 'अ‍ॅज वुई वॉक्ड डाउन दि घाट, दि टेंपल लुक्ड ब्यूटिफुल.'

हा सारा जाच कशासाठीं, असें मुलांनीं विचारलें. आम्हीं सांगितलें, प्राचीन इंग्रजीलाही संस्कृतासारखे विभक्तिप्रत्यय होते. ते पुढील शतकांत झिजून गेले. प्रत्यय गेले तेव्हां त्यांचें बरेंचसें काम शब्दांच्या क्रमावर पडलें. आपल्या मराठींत 'आत्याला' हा शब्द वाक्यांत कोठेंही गेला तरी 'ला' त्याची ओळख पटवितो.

आमचें व्याख्यान ऐकून थोरली पुतणी वही घेऊन आली व म्हणाली, "काका, मग आजोबांचा 'ओन्ली' कोठें हवा होता?" तिनें तें वाक्य निरनिराळ्या प्रकारें लिहून आणलें होतें. 'ओन्ली' आरंभीं ठेवला तर वचन आजोबांनींच दिलें, इतरांनीं नाहीं. 'प्रॉमिस्ड'मागें असला तर नुसतें वचन. 'दि अपर रूम्स'च्या मागें ठेवला तर माडीवरच्याच खोल्या, खालच्या नव्हेत. 'टु माय सिस्टर'च्या मागें गेला तर बहिणीसच, दुसऱ्या कोणास नाहीं. आम्ही निरुत्तर झालों.

रॉबर्ट लाउथ यानें 1762 सालच्या आपल्या व्याकरणांत असा शब्द ज्याचा त्याच्या शेजारीं ठेवावा असा आग्रह धरला. उलट फाउलरनें 1926 सालच्या कोशांत म्हटलें कीं, अर्थ स्पष्ट असेल तेथें लोकांच्या बोलण्यांतील ढिली जागा दोषास्पद मानूं नये. बोलतांना बहुतेक इंग्रज 'ओन्ली' क्रियापदाच्याच मागें टाकतात व अर्थ संदर्भावरून घेतात. तीर्थरूपांची लेखणीही त्याच वळणाची. तेव्हां संदर्भ पाहणें प्राप्त झालें.

संदर्भ त्याच वहींत होता. खालच्या खोल्यांचें भाडें दरमहा जमा दाखविलेलें. माडीचें भाडें एकदांही नाहीं. माडीचें छप्पर मात्र दोन वेळां त्यांनीं आपल्या खर्चानें दुरुस्त केलेलें. शब्द तिसऱ्या जागेचा होता हें उघड झालें. आमच्या लोभानें तो दुसऱ्या जागीं वाचला होता.

मराठीचा 'च' या कामीं फार इमानी. तो ज्या शब्दाला चिकटला त्याचाच होतो. तरी आपणही फार मिजास करूं नये. 'शुद्ध गाईचें तूप' अशा पाट्या आपण रोज वाचतों; त्यांत शुद्ध गाय कीं शुद्ध तूप, हें गिऱ्हाइकानेंच ठरवावयाचें असतें.

बंधूंनीं वही दोनदां वाचली व कांहीं न बोलतां मराठींत पत्र लिहिलें : 'माडीवरच्या खोल्या आपल्या हयातींत आपल्याच.' आम्हीं खालीं सही केली. आठ दिवसांनीं आत्याबाईंचें कार्ड आलें : 'हें मला ठाऊकच होतें. तुम्हांला आज कळलें होय?'