टकलावरचं मलम

गेल्या नरक चतुर्दशीला यांच्या डोक्याला तेल चोळताना बोटांना पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं. आमचे 'हे' जन्माने क्वीन्सलँडचे. बालपण उघड्या डोक्याने समुद्रावर गेलं. त्याची उधारी साठीत टकलावर वसूल झाली. डॉक्टर म्हणाले, ॲक्टिनिक केराटोसिस. कॅन्सर नाही, पण सोडून दिलं तर त्यातून होऊ शकतो. सासऱ्यांचा अर्धा कान तसाच गेलेला. फ्लुरोयुरॅसिलचं मलम मिळालं: दिवसातून दोनदा, तीन आठवडे.

दहाव्या दिवशी टक्कल लालबुंद, खपल्या, आग. माझा धीर सुटला. "बंद करा ते!" पुण्याहून आई म्हणाली, "हळद लाव." शेवटी क्लिनिकला फोन केला. नर्स म्हणाली, "बिघडलेल्या पेशी मरताहेत, म्हणून हे होतंय. हळद नको. पू, ताप किंवा असह्य दुखणं असेल तर लगेच या."

मग शिस्तीने पुरं केलं. हातमोजे, पातळ थर, डोळ्यांपासून दूर, नंतर हात धुणं, ऊन बंद. गरोदर लेकीला ट्यूबला हात लावू दिला नाही. मोत्याला यांच्या उशीवर लोळायला बंदी. हे मलम चाटून कुत्र्यामांजरांचा जीव जाऊ शकतो.

दोन महिन्यांनी कातडी गुळगुळीत झाली. तपासणी मात्र दर वर्षी करायची आहे. यंदाही अभ्यंगाचं तेल मीच चोळणार. तुम्हीही चोळाल, तेव्हा बोटांचं ऐका. खरखरीत लागलं तर डॉक्टरांना दाखवा.