मंडी डबवालीच्या जीपगाड्या

दिल्लीहून हिसार, सिरसा मागे टाकीत निघालेला महामार्ग हरियाणाची हद्द सोडण्यापूर्वी मंडी डबवालीत शिरतो. लगतचे किलियांवाली पंजाबात मोडते. जुन्या जीपगाड्यांना नवे रूप देणारे गाव म्हणून डबवालीची ख्याती. ती कारागिरी पाहावी, म्हणून आम्ही तेथे उतरलो.

एका कारखान्याच्या अंगणात, आडरानात फिरविण्यासाठी बांधलेल्या जीपचे वायरिंग नव्याने चालले होते. धनी बेताच्या ऐपतीचा. त्यामुळे दिवे, बटणे जुन्या बाजारातली. तारा मात्र कोऱ्या तांब्याच्या! हिशेब साधा आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ५५ वॅटचे दोन दिवे सुमारे ९ अँपिअर वीज ओढतात. बारीक तार या भाराने तापते, तिचे आवरण वितळते. म्हणून तार जाड हवी, बटणावरचा भार रिलेने उचलावा, बॅटरीलगत फ्यूज असावा आणि पत्र्याच्या छिद्रातून तार जाईल तेथे रबरी कडे बसवावे. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर अर्थिंग घट्ट आवळावे.

या दक्षतेचे मोल डबवालीला निराळे सांगावे लागत नाही. २३ डिसेंबर १९९५ रोजी येथे एका शाळेच्या समारंभात, विजेच्या ठिणगीने मंडप पेटून चारशेहून अधिक जीव गेले. त्यांत मुलेच अधिक होती. त्यांचे स्मारक गावात उभे आहे. तेथे हात जोडताना वाटले, काटकसर रंगात करावी, गादीत करावी. तारेत आणि फ्यूजमध्ये करू नये.