टोपी काढलेला मातादोर

माद्रिदचं लास वेन्तास! बैलझुंजीचं मैदान म्हणून बघायला गेले आणि रस्त्यातच थबकले. तेवीस हजार माणसं सहज पोटात घेईल असा लालसर विटांचा गोल वाडा, घोड्याच्या नालासारख्या कमानी, त्यांत रंगीत टाइल्स चमकताहेत. आणि बाहेरच्या चौकात काय बघते? ब्राँझचा एक मातादोर टोपी उंचावून समोरच्या अर्धपुतळ्याला मानवंदना देतोय. (आपल्याकडे मान द्यायचा तर डोक्यावर पागोटं चढवतात, इथे उतरवतात.) पुतळा राजाचा नाही, संताचाही नाही. तो आहे अलेक्झांडर फ्लेमिंगचा, पेनिसिलिनवाल्या डॉक्टरांचा! १९६४ साली बुलफायटर मंडळींनी कृतज्ञता म्हणून उभारलेला.

आपण पोळ्याला शिंगांना हिंगूळ लावतो, बेगड चिकटवतो. इथे तीच शिंगं माणसाच्या मांडीत घुसतात, सोबत माती आणि शेण घेऊन. पूर्वी जखमेतून वाचलेला गडी पुढे ती सडून जायचा. फ्लेमिंगना १९२८ साली लंडनमध्ये बुरशीची करामत दिसली, औषध हाती यायला चाळीसचं दशक उजाडलं.

मला नवल वाटतं ते निराळंच. जखमेत आपल्या पेशी आणि जंतू अगदी खेटून असतात, मग औषध नेमकं जंतूलाच कसं गाठतं? जंतूभोवती एक चिवट, विणलेली भिंत असते, पेप्टिडोग्लायकनची. आत दाब इतका, की ती नसेल तर जंतू फुटलाच! वाढताना जंतू ही वीण उसवतो, पुन्हा गाठी मारतो. गाठी मारणाऱ्या एन्झाइमलाच पेनिसिलिन जाऊन चिकटतं, ते सुटतच नाही. उसवणं चालू, गाठी बंद! पाणी आत घुसतं, जंतू फुगतो, फाटतो. आपल्या पेशींना नुसता पातळ पडदा. भिंतही नाही आणि ते एन्झाइमही नाही. पेनिसिलिन धरणार काय? अॅलर्जीवाल्यांची गोष्ट वेगळी. शिवाय पोटातल्या भल्या जंतूंनाही भिंत असते, तेही बिचारे मरतात, म्हणून गोळ्यांनी पोट बिघडतं.

मे महिन्यात सान इसिद्रोच्या उत्सवात लास वेन्तासमध्ये जवळजवळ रोज झुंजी रंगतात. मैदानाला लागूनच ऑपरेशनची सोय असलेला दवाखाना आहे. शिंग लागलं की जरीचा झगझगीत पोशाख रक्तात भिजलेला तो गडी वाळूवरून उचलून थेट टेबलावर घेतात, जखम उघडून धुतात आणि अँटिबायोटिक सुरू करतात.