अब्बांची गाठ आणि काठीच्या कड्या

दोन वर्षांपूर्वी आमच्या अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला, बोलणेही हळूहळू पूर्ववत झाले. पण उजवा हात मात्र पूर्वीसारखा राहिला नाही. अब्बा पेशाने शिंपी. मढच्या रस्त्याला त्यांचे शिलाईचे दुकान होते आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसे त्यांना ‘मास्तर’ म्हणूनच ओळखत. कात्री धरवेना म्हणून दुकान बंद झाले. मशीन घरात आले आणि त्यावर अम्मीने चादर घातली. त्या दिवसापासून अब्बा बाजेवर बसून राहू लागले. नमाज, जेवण, औषध, झोप. एवढेच.

आम्ही दोघे बहीण-भाऊ. थोरली शिक्षिका आहे, धाकटा मोबाइल दुरुस्तीचे काम करतो. आम्हा दोघांनाही लहानपणी अब्बांनी पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्यावर गळ टाकायला नेले होते. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी हे एक. येडगाव, माणिकडोह, वडज आणि डिंभे ही बाकीची चार. कल्याण-नगर रस्त्याने ओतूरकडून माळशेजकडे निघाले की मढच्या अंगाला हे पाणी पसरलेले दिसते आणि पलीकडे हरिश्चंद्रगड. जुम्म्याला दुकान बंद असायचे. नमाज झाली की अब्बा काठी, पिठाचा गोळा आणि आम्हाला घेऊन निघत. मुलगी म्हणून थोरलीला कधी घरी ठेवले नाही.

ती काठी भिंतीवर तशीच टांगलेली होती. झटक्यानंतर सहा महिन्यांनी एकदा अब्बांनी ती खाली उतरवून हातात धरली. शेंडा खाली गेला तो वर येईना. मनगट थरथरू लागले. त्यांनी काही न बोलता काठी परत टांगली. डॉक्टर म्हणत होते, हात चालवत ठेवा, आवडीचे काम द्या. आणि आवडीचे काम तर हेच होते. त्या रात्री आम्ही ठरवले की अब्बांचा हात लगेच सुधारत नसेल तर काठी तरी हलकी करून पाहू.

नवी काठी विकत आणणे सोपे होते. पण अब्बा नव्या वस्तूला लवकर हात लावत नाहीत. शिवाय जुनी काठी चांगली होती. सात फुटांची, आतून पोकळ, फायबरची, दोन तुकड्यांची. जड होत्या त्या तिच्यावरच्या कड्या. ज्या वाचकांनी कधी रीळ लावलेली काठी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रिळावरून सुटलेला तंगूस काठीवर बांधलेल्या कड्यांमधून शेंड्यापर्यंत जातो. अब्बांच्या काठीवर शेंड्याची धरून सहा कड्या होत्या. पोलादी, मोठ्या, दोन पायांच्या आणि वर वार्निशचे जाड थर. दोन कड्यांत तंगुसाने घासून खाचा पाडल्या होत्या.

कडी दिसायला क्षुल्लक वस्तू, पण ती कुठे बसली आहे यावर तिचे ओझे ठरते. हातापासून 180 सेंटिमीटरवर असलेला एक ग्रॅम मनगटाला तितकाच ओढतो, जितके 30 सेंटिमीटरवर ठेवलेले सहा ग्रॅम ओढतात. म्हणजे मुठीजवळ जड कडी असली तरी फारसे बिघडत नाही. शेंड्याकडचा प्रत्येक कण मात्र मनगटाला मोजावा लागतो. शिवाय शेंडा जड असला की फेकल्यानंतर काठी बराच वेळ डुलत राहते आणि मासा टोचतो तो हलका झटका हातापर्यंत नीट पोहोचत नाही. ज्या हाताची जाण आधीच कमी झाली आहे, त्याच्यासाठी ही गोष्ट लहान नव्हती.

म्हणून जगभर काठ्या बांधणारे लोक आता लहान कड्या वापरतात. जपानच्या फुजी कंपनीने या कामात पुढाकार घेतला. पोलादाच्या किंवा टायटॅनियमच्या नाजूक चौकटीत चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाचे गुळगुळीत कडे बसवलेले असते, म्हणून तंगुसाने त्यात खाच पडत नाही. रीत अशी की रिळावरून तंगूस मोठमोठी वेटोळी घेत सुटतो, तेव्हा पहिली कडी मोठी आणि उंच हवी. दुसरी तिच्या निम्म्याने, तिसरी आणखी लहान. एकदा वेटोळी आवळून तंगूस सरळ झाला की पुढे शेंड्यापर्यंत बारीक कड्याच पुरतात. मात्र बारीक कड्या काठीला चिकटून असतात, म्हणून त्या संख्येने जास्त लागतात. नाहीतर काठी वाकल्यावर तंगूस दोन कड्यांमध्ये कोन करतो आणि सारा ताण एकाच जागी येतो.

हे सगळे वाचून आम्ही हुशार झालो आणि तिथेच चूक केली. मुठीकडून 20 नंबर, 10 नंबर, 6 नंबर आणि पुढे शेंड्यापर्यंत सगळ्या 3 नंबरच्या कड्या मागवल्या. जितकी लहान तितकी चांगली, असा आमचा हिशेब.

कड्या आल्या आणि अब्बा पहिल्यांदा बाजेवरून उठून आमच्याजवळ येऊन बसले. कारण कडी काठीवर बसते ती दोऱ्याने. गोंदाने नव्हे, खिळ्याने नव्हे. शेकडो वेढे दोऱ्याचे, एकाला एक लागून, मध्ये केसाएवढीही फट न ठेवता. दोऱ्याचे काम शिंप्यासमोर कोण चुकीचे करील? धाकट्याने पहिला वेढा घेतला तसे अब्बा म्हणाले, “अरे, असा ढिला धरतोस? दोरा पुस्तकात दाबून ठेव. पुस्तक जड घे. म्हणजे ताण एकसारखा येतो.” मग त्यांनी कडीचा पाय बोटाने चाचपला आणि म्हणाले, “ह्याचं टोक घास आधी. दोरा पायरीवर चढताना अडतोय.” खरेच होते ते. पायाचे टोक कानशीने उतरते केले की दोरा काठीवरून पायावर अलगद चढतो. जुन्या कड्या काढतानाही त्यांनीच थोरलीला सांगितले की पाते कडीच्या पायावरच्या दोऱ्यावर चालव, काठीवर नाही. काठीला चीर गेली तर ती तिथेच मोडेल.

वेढ्यांवर दोन भागांचा राळेसारखा लेप लावावा लागतो. तो सुकेपर्यंत काठी फिरवत राहावी लागते, नाहीतर लेप एका बाजूला ओघळून गुठळी होते. पावसाळ्यात हवेच्या दमटपणाने हा लेप पांढुरका पडतो, म्हणून काम उन्हाळ्याच्या तोंडावर काढले होते. रमजान चालू होता. तरावीहनंतर लेप लावला आणि सहरीपर्यंत आम्ही पाळीपाळीने दर पाच-सात मिनिटांनी काठी पाव फेरा फिरवत बसलो. अब्बाही जागे होते. “माझी पाळी कधी?” असे त्यांनी विचारले आणि डाव्या हाताने काठी फिरवली. मग थोड्या वेळाने उजव्या हाताने.

ईदनंतर मढला गेलो. धरणातली मासेमारी मच्छीमार सोसायटीकडे असते, म्हणून आधी त्यांच्या माणसांना विचारले. तिथले एक म्हातारे काका अब्बांना पाहून उभेच राहिले. “काय मास्तर, लई दिसांनी! आम्हाला वाटलं पाण्यावर रुसला.” अब्बा हसले. काठी हातात घेतली. शेंडा वर राहिला. आम्ही एकमेकांकडे पाहिले.

पण पहिल्याच फेकीत तंगूस अडकला.

झाले असे. रिळावर विणीचा बारीक तंगूस होता, आणि तिथले काठ खडकाळ, म्हणून त्याच्या पुढे वावभर जाड नायलॉन बांधावे लागते. त्या दोहोंची गाठ कड्यांतून ये-जा करते. अब्बांनी गाठ स्वतः बांधली होती, हट्टाने, दहा मिनिटे लावून. त्यांची जुनी, दुहेरी, जाडसर गाठ. ती 3 नंबरच्या कडीत घुसेना. जोर केला की टक् करून जाई आणि पुढच्या कडीत पुन्हा अडे. तिसऱ्या वेळी तंगूसच तुटला. गळ, शिसे, सगळे पाण्यात.

तेव्हा लक्षात आले की कडीचा नंबर हा आतल्या भोकाचा नसतो. तो कड्याच्या बाहेरच्या व्यासाचा असतो, मिलिमीटरमध्ये. म्हणजे 3 नंबरच्या कडीचे भोक तीन मिलिमीटरहून बरेच लहान. आम्ही नंबर वाचला होता, भोक पाहिले नव्हते.

धाकट्याने लगेच उपाय काढला. “अब्बा, एक पातळ गाठ असते, वीण घालत घालत बांधायची. मी बांधून देतो. ती ह्यातून सहज जाईल.” आणि त्याने ती बांधूनही दाखवली. गाठ खरोखरच सुरेख होती. अब्बांनी ती पाहिली, बोटावर फिरवली आणि म्हणाले, “छान आहे. पण मग तू नसशील तेव्हा?”

एवढेच म्हणाले. परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. या भागात बिबट्याच्या भीतीने लोक मगरिबच्या आत घरी पोहोचतात, तसे आम्हीही पोहोचलो. अब्बांनी काठी भिंतीला टांगली आणि बाजेवर जाऊन बसले.

रात्री थोरली म्हणाली, “आपण काठी अब्बांसाठी बांधली की पुस्तकासाठी?” प्रश्न बरोबर होता. त्या माणसाचा हात गेला, दुकान गेले, सदऱ्याची बटणे अम्मी लावून देते. स्वतःच्या हाताने होणारी जी एक गोष्ट उरली होती ती गाठ होती आणि आम्ही तीही त्यांच्याकडून काढून घ्यायला निघालो होतो. आमची कडी चांगली म्हणून त्यांची गाठ वाईट ठरत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही उलटीकडून सुरुवात केली. अब्बांना म्हटले, तुमची गाठ बांधून द्या. एक नाही, पाच. त्यांनी दुपारभर बसून बांधल्या. कुठली लहान, कुठली ओबडधोबड. पाचांतली सगळ्यांत जाड निवडली आणि मागवलेल्या नमुन्याच्या कड्यांतून ती ओली करून ओढून पाहिली. 4 नंबरमध्ये घासत होती. 5 नंबरमध्ये सरळ गेली. पण पाण्यात शेवाळ असते, तंगुसाला चिकटून येते, म्हणून 5.5 नंबर ठरवला. शेंड्याची कडीही त्याहून लहान ठेवली नाही.

वजनाचे काय? ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर टाकून पाहिले. शेंड्याकडच्या तीन जुन्या पोलादी कड्या मिळून तीन ग्रॅमच्या आसपास भरल्या. नव्या पाच एका ग्रॅमच्या आतबाहेर. 3 नंबर घेतल्याने जे आणखी वाचले असते ते इतके थोडे होते की मनगटाला ते कळलेही नसते. मोठा फायदा जड कड्या काढण्यात होता. अगदी बारीक कड्यांच्या हट्टात नव्हता.

या वेळी बांधण्यापूर्वी कड्या रबराच्या बारीक पट्ट्यांनी नुसत्या अडकवल्या. तंगूस ओवला, टोकाला पाण्याची बाटली टांगून काठी वाकवली आणि कड्या पुढेमागे सरकवत राहिलो, जोवर तंगूस काठीच्या बाकाबरोबर वळत गेला नाही. प्रत्येक कडीतून कापूस फिरवून पाहिला. बारीकशी चीर असली तरी कापसाचा तंतू अडकतो. मग दोरा, मग लेप. शेवटच्या दोन कड्यांचे वेढे अब्बांनी स्वतः घातले. डाव्या हाताने काठी फिरवायची, उजव्या हाताने दोरा फक्त दाबून धरायचा. वेळ लागला. एका ठिकाणी फट राहिली आहे. ती आम्ही तशीच ठेवली.

पुन्हा मढला गेलो. गाठ अब्बांनी बांधली, दातांनी आवळली आणि काठी मागे नेऊन फेकली. गाठ कड्यांतून गेली तेव्हा अगदी हलकी खसखस ऐकू आली, बस्स. फेक पूर्वीच्या निम्मीही नव्हती. पण पाण्यात पडली, आणि त्यांची होती. त्या दुपारी तीन चिलापी मिळाल्या, तळहाताएवढ्या. अम्मीने चिंच घालून सालन केले. सालन कसे झाले यापेक्षा अब्बा दोनदा भात मागून जेवले, याचेच घरात कौतुक झाले.

अब्बांचा हात पूर्ण बरा झालेला नाही. दुकान पुन्हा उघडेल असेही दिसत नाही. पण मशीनवरची चादर निघाली आहे. शेजारच्या मुलांच्या दप्तरांना ते टाके घालून देतात. पावसाळ्यात मासे अंडी घालायला वर चढतात, वलगण लागते, तेव्हा आम्ही गळ टाकत नाही. त्या दिवसांत अब्बा घरात बसून गाठी बांधतात.

घरोघरी अशी माणसे असतात. आपण त्यांच्यासाठी काठी घेतो, खुर्ची घेतो, मोबाइल घेतो आणि नंबर वाचून घेतो. वाचकांना आमची विनंती एवढीच, की वस्तू मागवण्याआधी त्या माणसाला त्याची गाठ बांधून दाखवायला सांगा. माप तिचे घ्या.